जर्मनीत आजारी पडायच्या आधी: कासे, हाउसआर्त्स्ट आणि बाकीची भानगड

जर्मनीत मास्टर्सला येणारी मुलंमुली इन्शुरन्सबद्दल दोनदाच मेसेज करतात. एकदा व्हिसाच्या आधी, की ताई कुठला घेऊ आणि स्वस्त कुठला, आणि मग थेट नोव्हेंबरात, पहिला दणदणीत ताप आला की, कारण तेव्हा लक्षात येतं की दर महिन्याला खात्यातून दीडशेच्या आसपास युरो जातायत पण आत्ता जायचं कुठे ते कोणीच सांगितलेलं नाही. मधल्या काळात कोणी काही विचारत नाही, आणि खरं काम त्या मधल्या काळातलंच असतं.

इथला इन्शुरन्स पैशाचा प्रश्न जवळजवळ पूर्ण सोडवतो, वेळेचा मात्र सोडवत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. पुण्यात संध्याकाळी सातला अंगात कणकण वाटली तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचा, फारच वाटलं तर थेट एमडी गाठायचा, येताना मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या, झालं. पण तेच ॲडमिट करायची वेळ आली की आधी डिपॉझिट, मग कॅशलेसची मंजुरी, आणि घरातलं कोणीतरी बिलिंगच्या काउंटरवर उभं. इथे ॲपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन पाच दिवस हॉस्पिटलात काढले तरी आपल्या खिशातून जातात पन्नास युरो, पण साध्या त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला दोन-तीन महिने लागू शकतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम आपोआप समजायला लागतात.

आधी इन्शुरन्स. तो नसेल तर युनिव्हर्सिटी ॲडमिशनच पक्की करत नाही. दोन जाती आहेत, सरकारी नियमांनी चालणारी, तिला गेझेत्सलिश म्हणतात, आणि प्रायव्हेट. गेझेत्सलिशमध्ये टीके, एओके, बार्मर, डाक अशा बऱ्याच संस्था आहेत, ह्यांनाच क्रांकेनकासे म्हणतात आणि आपली मुलं नुसतं कासे म्हणतात. कुठली घेऊ ह्यावर लोक रात्र-रात्र चर्चा करतात पण खरं सांगू का, काय कव्हर करायचं ते नव्वद टक्क्यांहून जास्त कायद्यानेच ठरलेलं आहे, त्यामुळे फरक पडतो तो थोडासा हप्त्यात, ॲप बरं आहे का ह्यात आणि फोनवर इंग्लिश बोलतात का ह्यात. विद्यार्थ्याचा हप्ता महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास, त्यात म्हातारपणीच्या काळजीचा वेगळा विमाही धरलेला असतो, आणि 23 पूर्ण झाली असतील आणि मूल नसेल तर तो भाग किंचित जास्त लागतो. हा विद्यार्थी-दर वयाच्या 30 पर्यंत, म्हणजे ज्या सेमिस्टरमध्ये तिशी पूर्ण होते ते संपेपर्यंत. नोकरीची काही वर्षं करून तिशीनंतर भारतातून थेट शिकायला येणाऱ्यांना बहुतेक वेळा गेझेत्सलिशमध्ये शिरताच येत नाही, त्यांना प्रायव्हेटच घ्यावा लागतो, त्यामुळे त्यांनी हा खर्च आधीच हिशोबात धरावा.

आता प्रायव्हेटचं आमिष. महिन्याला तीस-चाळीस युरोत मिळणाऱ्या पॉलिसी असतात, आणि एजंट बऱ्याचदा तीच गळ्यात मारतो. चौपट फरक बघून कोणालाही वाटेल की घ्यावी. पण अशी पॉलिसी घेऊन युनिव्हर्सिटीत नाव घालायचं तर आधी गेझेत्सलिशच्या सक्तीतून सूट घ्यावी लागते, ही सूट पहिल्या तीन महिन्यांतच घेता येते, आणि एकदा घेतली की त्या शिक्षणापुरता परतीचा रस्ता बंद. म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला गुडघ्याचं दुखणं निघालं आणि पॉलिसीत लिहिलंय की आधीपासूनचे आजार कव्हर नाहीत, तर मी आता सरकारीत जातो असं म्हणता येत नाही. शिवाय प्रायव्हेटमध्ये डॉक्टर बिल तुमच्या नावाने पाठवतो, तुम्ही भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं. मानसिक आजार, बाळंतपण, दात ह्यांबद्दल स्वस्त पॉलिसीत काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलं वाचाच. माझं स्पष्ट मत, तिशीच्या आत असाल तर गेझेत्सलिश घ्या आणि विषय संपवा.

एक बारीक फट मात्र बहुतेकांना माहीत नसते. गेझेत्सलिशचा विमा सुरू होतो सेमिस्टर सुरू झालं की, म्हणजे विंटरला बहुतेक युनिव्हर्सिटींमध्ये 1 ऑक्टोबर, किंवा ॲडमिशन त्यानंतर पक्की झाली तर त्या दिवसापासून. तुम्ही 10 सप्टेंबरला उतरलात तर मधले तीन आठवडे तुम्ही फक्त ट्रॅव्हल इन्शुरन्सवर असता, तेव्हा तो व्हिसापुरता दाखवायला म्हणून पाच दिवसांचा घेऊ नका. आणि जर्मनीत आल्यावर पहिलं काम काय, तर पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवणं. हसू नका. इन्शुरन्सचं फोटोवालं कार्ड पोस्टाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत घेऊन जातो, आणि मग लोक महिनाभर कासेला शिव्या घालत बसतात. कार्ड यायच्या आत डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर कासेच्या ॲपमधून किंवा मेलवर तात्पुरतं प्रमाणपत्र मागवता येतं, ते चालतं.

कार्ड आलं की हाउसआर्त्स्ट शोधा. हाउसआर्त्स्ट म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, फक्त इथे त्याचं वजन फार जास्त. रक्त तपासणी, सुट्टीचं सर्टिफिकेट, स्पेशालिस्टकडे पाठवायची चिठ्ठी, नेहमीच्या गोळ्या, सगळं त्याच्यामार्फत. आणि मोठ्या शहरात बऱ्याच दवाखान्यांमध्ये नवीन पेशंट घेणंच बंद असतं, म्हणून हे काम ताप नसताना करायचं. घराजवळच्या तीन-चार ठिकाणी फोन करा आणि विचारा, "नेमन झी नॉये पात्सिएन्टन?", नवीन पेशंट घेता का. ते पहिला प्रश्न विचारणार तुमचा विमा कुठला, तर सांगायचं, "इश बिन गेझेत्सलिश फेरझिशर्ट". डॉक्टर बहुतेक वेळा इंग्लिश बोलतो, रिसेप्शनवरच्या बाई बोलतीलच असं नाही, आणि वेळ देणं त्यांच्या हातात असतं, त्यामुळे ही दोन वाक्यं पाठ असलेली बरी. फोनची धास्ती वाटत असेल तर डॉक्टोलिब नावाचं ॲप आहे, त्यात भाषेचा फिल्टर लावून ऑनलाइन वेळ घेता येते. पहिल्यांदा काहीतरी छोटं निमित्त काढून जाऊन या, लसी राहिल्या असतील त्या विचारायला म्हणून, म्हणजे तुमचं नाव त्यांच्या यादीत लागतं. शिफारस केलेल्या लसी फुकट असतात, तो फायदा वेगळाच.

दवाखान्यांच्या वेळा हा एक वेगळाच विनोद आहे. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक बंद. ऑगस्टमध्ये डॉक्टर तीन आठवडे सुट्टीवर. पण पेशंटला वाऱ्यावर सोडत नाहीत, दारावर आणि आन्सरिंग मशीनवर बदली डॉक्टरचं नाव असतं, तिकडे जायचं. आणि कार्ड दर तिमाहीला एकदा मशीनमध्ये घालावं लागतं, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर ह्यानंतरच्या पहिल्या भेटीला कार्ड हवंच. जुने सीनियर सांगतील की तिमाहीला दहा युरो घेतात, तर ती फी 2013 पासून बंद झाली आहे, आता डॉक्टरकडे पैसे द्यायचेच नसतात. पहिल्यांदा तपासून झाल्यावर लोक पाकीट हातात धरून घुटमळतात, आणि डॉक्टर नुसतं हात मिळवून पुढच्या पेशंटला हाक मारतो.

आणि हो, अपेक्षा जरा बदलून जा. व्हायरल ताप असेल तर डॉक्टर म्हणेल भरपूर पाणी प्या, चहा प्या, झोपा, आयबुप्रोफेन घ्या, आठवड्याने बरं नाही वाटलं तर या. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, ॲण्टिबायोटिक तर मागूनही देणार नाहीत. आपल्याला वाटतं ह्यांनी नीट बघितलंच नाही, पण व्हायरलवर ॲण्टिबायोटिक चालत नाही हे आपले डॉक्टरही जाणतात, फक्त तिकडे पेशंटच्या आग्रहापुढे कधी कधी नमतं घेतात. दमा, थायरॉइड, पीसीओडी असं काही आधीपासून असेल तर भारतातल्या डॉक्टरकडून इंग्लिशमध्ये एक पान लिहून आणा आणि त्यात गोळीचं कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम हवेत. कॉम्बिफ्लॅम म्हटलं तर इथे कोणाला काही बोध होत नाही, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल म्हटलं की लगेच होतो.

स्पेशालिस्टकडे जायचं तर हाउसआर्त्स्टची चिठ्ठी, तिला युबरवायझुंग म्हणतात. डोळे, दात आणि स्त्रीरोग ह्यांना ती लागत नाही, थेट जाता येतं. बाकी कित्येक ठिकाणी कायद्याने सक्ती नसली तरी दवाखाने मागतात, एमआरआयसारख्या गोष्टीला तर लागतेच. ती त्या तिमाहीपुरती धरतात. आता ती हातात घेऊन फोन करत सुटलं की सगळे म्हणतात मार्च, एप्रिल, पुढच्या वर्षी. इथे एक गोष्ट कामाला येते जी अनेक वर्षं इथे राहणाऱ्यांनाही माहीत नसते: घाईचं काम असेल तर हाउसआर्त्स्टला सांगायचं की युबरवायझुंगवर कोड टाकून द्या. तो कोड घेऊन 116117 वर फोन करा किंवा त्यांच्या साइटवर भरा, आणि त्यांना कायद्याने चार आठवड्यांच्या आतली वेळ शोधून द्यावी लागते. डॉक्टर आपल्या पसंतीचा मिळत नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल कदाचित, पण मिळतो.

हा 116117 नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. दवाखाने बंद असताना, म्हणजे रात्री, शनिवार-रविवार, ख्रिसमसच्या दिवसांत, ताप उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, लघवीला जळजळतंय, असं जे सोमवारपर्यंत थांबणार नाही पण जिवावरचंही नाही, त्यासाठी हा नंबर. ते सांगतात कुठला दवाखाना उघडा आहे, कधी कधी डॉक्टर घरीही येतो. 112 हा वेगळा. छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध जाणं, तोंड वाकडं होणं, जबर अपघात, तिथे विचार करत बसायचं नाही, सरळ 112. ॲम्ब्युलन्सचं बिल किती येईल ह्या धास्तीने लोक रात्री ट्रामने हॉस्पिटलात जातात, अमेरिकेच्या गोष्टी ऐकून. इथे डॉक्टरी कारण असेल तर ॲम्ब्युलन्सला तुमच्या खिशातून जास्तीत जास्त दहा युरो जातात. उलट साधा ताप घेऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलात तर पैसे नाही जाणार पण रात्र जाईल, कारण तिथे नंबर येण्याच्या वेळेवर नाही, आजाराच्या गंभीरतेवर लागतो, आणि तुमच्यानंतर आलेले दहा जण आत जाताना बघत चार-पाच तास बाकावर बसावं लागतं.

औषधं फक्त आपोटेकेत, लाल रंगाच्या मोठ्या ए अक्षराची पाटी असते. सुपरमार्केटमध्ये शाम्पूपासून व्हिटॅमिनपर्यंत सगळं मिळतं पण साधी पॅरासिटामॉल नाही. आपोटेकेतही चिठ्ठीशिवाय पॅरासिटामॉल 500 चं 20 गोळ्यांचं पाकीट मिळतं, आयबुप्रोफेन 400 मिळते, 600 ला चिठ्ठी लागते. 2024 पासून सरकारी विमा असलेल्यांची चिठ्ठी कागदावर नसते, डॉक्टर ती कॉम्प्युटरवर टाकतो आणि आपोटेकेत कार्ड मशीनमध्ये घातलं की तिकडे दिसते, त्यामुळे डॉक्टरने कागद दिलाच नाही म्हणून परत फिरू नका. तुमचा वाटा किमतीच्या दहा टक्के, पण कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो. म्हणजे औषध तीस युरोचं असेल तर पाच, साठचं असेल तर सहा, दोनशेचं असलं तरी दहाच, आणि औषधच पाचपेक्षा स्वस्त असेल तर तेवढीच किंमत. काही औषधांना तोही वाटा नसतो. रविवारी आपोटेके बंद, पण प्रत्येकीच्या दारावर लिहिलेलं असतं की आज शहरात कुठली उघडी आहे, तिथे अडीच युरो जादा घेतात आणि छोट्या खिडकीतून औषध देतात.

घरून औषधं आणण्याबद्दल. येताना सामानात स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची आणता येतात, चिठ्ठी सोबत ठेवा. पण नंतर आईला कुरियर करायला सांगू नका. युरोपच्या बाहेरून खाजगी माणसाला पोस्टाने औषध मागवता येत नाही, कस्टमवाले अडवतात, आणि चकली-चिवड्याच्या खोक्यात गोळ्यांची चार पाकिटं निघाली की चिवडाही तिकडेच राहतो.

हॉस्पिटलात राहायला लागलं तर दिवसाला दहा युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसांचे, म्हणजे काहीही झालं तरी 280. वरचं पन्नास युरोचं ऑपरेशन असं येतं. आणि वर्षभरात हे सगळे छोटे वाटे मिळून तुमच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर गेले तर वरचे माफ होतात, कायमचा आजार असेल तर एक टक्क्यावर, फक्त पावत्या जपून ठेवायच्या आणि कासेला अर्ज करायचा, आपणहून कोणी देत नाही.

कव्हर काय होत नाही? चष्मा, जवळजवळ कोणालाच नाही, म्हणून येताना दोन जोड करून आणा. दातांची तपासणी होते पण मशीनने सफाई स्वतःच्या खर्चाने, साधारण शंभर युरो, आणि क्राउन, ब्रिजला कासे एक ठरलेली रक्कम देते, उरलेले तुमचे. उत्पन्न अगदी कमी असेल तर ती रक्कम वाढवून मिळायची सोय आहे, तिला हार्टेफाल म्हणतात, डेंटिस्टने खर्चाचा अंदाज दिला की तो आधी कासेला पाठवून हे विचारा, ट्रीटमेंट झाल्यावर नाही. बरेच जण दातांची कामं सुट्टीत घरी गेल्यावर उरकतात, ते ठीकच आहे. आणि डोळ्यांच्या किंवा स्त्रीरोगाच्या डॉक्टरकडे कधी कधी रिसेप्शनवरच एक कागद पुढे सरकवतात, अमुक जादा तपासणी, वीस-चाळीस युरो, इथे सही करा. त्याला आयगेल म्हणतात, ते कासे देत नाही म्हणून तुमच्याकडून मागतात. नाही म्हणता येतं. "हे गरजेचं आहे का" असं डॉक्टरलाच विचारा, बाईंना नको. गर्भनिरोधक गोळ्या 22 व्या वाढदिवसापर्यंत कासे देते, नंतर स्वतः.

मन ठीक नसेल तर त्याचंही थोडं विस्ताराने सांगते, कारण डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, ग्रेड वाईट लागलेले असतात, आणि घरी फोनवर सगळं मस्त चाललंय म्हणून सांगून झालेलं असतं. गेझेत्सलिशमध्ये सायकोथेरपी पूर्ण कव्हर आहे, पण रांग भयंकर, कित्येक महिन्यांची. म्हणून पहिला थांबा युनिव्हर्सिटीच्या स्टुडिरेन्डनवेर्कचं समुपदेशन, तेच लोक जे मेस आणि हॉस्टेल चालवतात. फुकट असतं, बऱ्याच शहरांत इंग्लिशमध्येही असतं, कासेला कळत नाही, व्हिसावर काही परिणाम होत नाही. सोबतच 116117 वरून थेरपिस्टची पहिली भेट मागून ठेवा, त्याला हाउसआर्त्स्टची चिठ्ठी लागत नाही. जर्मन येत असेल तर मन मोकळं करायला 0800 1110111 ही हेल्पलाइन चोवीस तास फुकट आहे. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर ती 112 वालीच इमर्जन्सी आहे, तिथे सोमवारची वाट बघायची नाही.

आजारपणाच्या कागदांबद्दल थोडक्यात. पार्टटाइम नोकरी असेल तर पहिल्याच दिवशी सकाळी कळवायचं, आणि आजार तीन दिवसांच्या वर गेला तर चौथ्या दिवशी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, काही करारांत पहिल्या दिवसापासून. नोकरीला चार आठवडे झाले असतील तर आजारपणातला पगार सहा आठवड्यांपर्यंत मिळतो, तासावरच्या छोट्या नोकरीतही, मालक नाही म्हणाला तरी मिळतो. परीक्षेचं वेगळं. तिथे आटेस्ट, म्हणजे डॉक्टरचा लेखी दाखला हवा, अनेकदा परीक्षा विभागाच्या स्वतःच्या फॉर्मवर, आणि डॉक्टरकडे परीक्षेच्या दिवशीच जायला हवं. दोन दिवसांनी जाऊन "परवा मला ताप होता" म्हटलं तर डॉक्टर लिहून देत नाही, आणि मग पेपरला गैरहजर म्हणजे नापास.

हप्ता थकवू नका. दोन महिन्यांचा राहिला की कासे फक्त तातडीचं बघते, आणि युनिव्हर्सिटीलाही कळवते, मग नाव कमी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आठवड्याला 20 तासांची मर्यादा सेमिस्टर चालू असताना ओलांडली तर विद्यार्थी-दरच जाऊ शकतो. डिग्री संपून नाव कमी झालं की तोही दर संपतो, आणि नोकरी शोधायच्या महिन्यांत स्वेच्छा-सभासद म्हणून अडीचशे युरोच्या वर पडतात, त्याची तरतूद थिसिस लिहितानाच करून ठेवा.

सुट्टीत भारतात गेलात तर हे कार्ड तिकडे शून्य. युरोपात फिरताना कार्डाची मागची बाजू चालते, पॅरिसला पाय मुरगळला तर प्रश्न नाही, पण कोल्हापुरात डेंग्यू झाला तर कासे एक पैसा देणार नाही. त्यासाठी परदेश प्रवासाचा वेगळा आरोग्यविमा मिळतो, वर्षाला दहा-वीस युरोंपासून, जायच्या आधी काढायचा. आणि कायमचेच परत जाणार असाल तर घरपत्ता रद्द केल्याचा कागद कासेला पाठवून सभासदत्व बंद करा, नाहीतर तुम्ही इकडे नाही हे त्यांना कळत नाही आणि हप्त्यांची पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहतात.